मेहुण्याची माफी

इनोके सैन्यातून कायमचा घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यानं समुद्राकडची दगडी भिंत बांधायला घेतली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मागच्या वादळात ती भिंत जागोजागी ढासळली होती. ती कुणी बांधायची, दगड कुठल्या डोंगरावरून आणायचे, डोंगरवाल्यांना आधी विचारायला कुणी जायचं, यावर गावात बैठका चालू होत्या. ठरत आलं होतं. आणि हा गडी पहाटे उठून, अर्धी चड्डी घालून, एकटाच दगड उचलत होता.

मी होडीकडं निघालो होतो. त्याला बघून थांबलो.

"काय सार्जंट," मी म्हटलं, "शत्रू कुठल्या बाजूनं येणार म्हणे?"

त्यानं वर बघितलं नाही. "दाजी, तो दगड द्या जरा इकडं."

मी दगड दिला आणि चालता झालो. दिवसभर जाळं टाकताना मला तेच खात होतं. आमच्याकडं दाजी-मेहुण्यांनी एकमेकांची टर उडवायची असते. नुसती मुभा नाही, तो धर्मच आहे. मी त्याच्या टकलावर बोलायचं, त्यानं माझ्या ढेरीवर. मयताला बसलो असलो तरी कोपऱ्यात आमचं चालूच असायचं. मेहुणा उलटून बोलला नाही, की समजायचं काहीतरी बिनसलंय.

काय बिनसलंय ते गावात लहान पोरालाही माहीत होतं. त्यानं माझ्या मुलाला सैन्यातून घालवलं होतं.

इनोके माझ्या बायकोचा, आकानीसीचा, धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीच सैन्यात गेला तो तिथंच टक्कल पडेपर्यंत राहिला. आमच्या बेटावरून सैन्यात गेलेले खूप, पण सार्जंट झालेला तो एकटा. आमचा रोपाते मोठा झाला तेव्हा आकानीसीनंच हट्ट धरला, की जायचं तर मामाच्याच हाताखाली. भाऊ-बहीण आमच्यात एकमेकांशी तोंडानं बोलत नाहीत. वयात आल्यावर ते बंद होतं, आदर म्हणून. म्हणून तिचं म्हणणं मीच जाऊन त्याला सांगितलं. "तुझी बहीण म्हणते, पोरगा तुझ्या ओटीत घातलाय." तो तेव्हा हसला होता. "दाजी, तिला सांगा, तुमच्यासारखा आळशी परत येणार नाही."

दोघं एकत्रच शांतिसेनेत वाळवंटात गेले. तिथं जे झालं ते गावाला असं कळलं.

वाळवंटात यांची एक चौकी होती, चार-पाच माणसांची, आणि इनोके तिचा प्रमुख. धुळीचं वादळ सुटलं होतं. वादळात गाडी बाहेर काढायची नाही हा तिथला पक्का नियम, कारण जुन्या लढाईतले सुरुंग वाळूत पुरलेले आणि वाळू सरकली की रस्ता कुठला नि रान कुठलं कळत नाही. अशात दुपारी एक म्हातारा बेदुईन, वाळवंटातला भटका, चालत चौकीवर आला. त्याची सून अडली होती. रोपातेनं मामाकडं गाडी मागितली. मामानं वायरलेसवर वरच्यांना विचारलं. वरच्यांनी सांगितलं, वादळ निवळेपर्यंत थांबा. मामा नाही म्हणाला. मग रोपातेनं मामाच्या खिशातून गाडीची चावी चोरली, पहारा टाकून गेला, बाईला गाडीत घातलं, दवाखान्यात पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी परत आला. बाई वाचली. मूलही वाचलं. आणि इनोकेनं वर कळवून टाकलं, की माझ्या शिपायानं असं-असं केलंय. कुणा अधिकाऱ्यानं काही पाहिलं नव्हतं. गाडीला ओरखडाही आला नव्हता. पण त्यानं कळवलं.

चौकशी झाली. रोपातेनं सगळं कबूल केलं. पहारा सोडला, गाडी नेली, चावी चोरली. त्याला घरी धाडलं.

गावाला यात रोपातेचं काही चुकलं असं वाटलंच नाही. बाई अडलेली, गाडी दारात, मग काय बघत बसायचं? आणि चोरी म्हणाल तर आमच्यात भाच्यानं मामाच्या घरातली कुठलीही वस्तू उचलावी, मामानं हूं की चूं करू नये. डुक्कर न्यावं, होडी न्यावी. म्हातारे नेमानी तर पोट धरून हसले होते. "भाच्यानं मामाच्या खिशातून चावी घेतली ती चोरी? मग माझ्या भाच्यांना फाशीच द्या!"

पण सैन्याच्या कागदावर भाचा-मामा नसतात. तिथं चोरीच लिहिलं होतं. रोपाते सुवाला, राजधानीत, बोटीवर कामाला लागायला गेला, त्यांनी कागद बघितला आणि नको म्हणाले. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला पोरं नेतात, तिथं नाव दिलं, तिथूनही तसंच. तो परत आला आणि माझ्याबरोबर जाळं टाकायला लागला. एवढा जोरकस पोरगा, घरात शिरला की घर भरायचं. आता होडीत पाठमोरा बसायचा आणि मी हाक मारली तरच बघायचा.

मामा घरी आल्यावर तर तो आणखीच मिटला.

इनोकेची बायको पूर्वीच वारली होती, मुलं-बाळं नाहीत. गावाच्या टोकाला त्याचं घर. तिथं तो पहाटे उठून अंगण झाडायचा, मग वाट झाडायचा, मग ती दुसऱ्याच्या अंगणात शिरली की तेही झाडायचा. बायका वैतागल्या. "सार्जंट, आमचा केर आम्हाला राहू द्या की." अंथरूण असं घडी घालून ठेवायचा, की त्यावर माशी बसायला लाजेल. संध्याकाळी यांगोना, मुळं कुटून केलेलं ते गुंगीचं पाणी, प्यायला बैठकीत यायचा, पण मांडी घालून बसलेला माणूस असा असतो का? गुडघा हलतोय, बोटं हलतायत, डोळे दाराकडं. आमच्या बैठकीत एक जण बोलतो, मग सगळे गप्प, मग वाटी फिरते, मग दुसरा कुणी अगदी वेगळंच बोलतो, आणि अशानं उशिरा कधीतरी गोष्ट ठरते. त्याला ते सोसवायचं नाही. पाण्याच्या टाकीचा विषय तिसऱ्यांदा निघाला तेव्हा तो उठून उभाच राहिला. "निर्णय कोण घेणार आहे? एकानं हो म्हणा, एकानं नाही म्हणा. पाइप मी आणतो."

नेमानींनी वाटी पुढं केली. "बस रे पोरा. पी."

दुसऱ्या दिवशी पाइप आलेही. आणि गावानं ते महिनाभर तसेच पडू दिले, कारण ठरलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी बघत होतो. त्याच्या ओसरीवर रोज काहीतरी नवीन मांडलेलं दिसायचं. कधी चांगली विजेरी, कधी परदेशी सुरी म्यानासकट, कधी वाळवंटातून आणलेलं जाड जाकीट. रोपातेच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरच ती ओसरी. भाच्यानं उचलावं म्हणून ते मांडलेलं होतं, हे कुणालाही कळलं असतं. रोपाते रोज त्यावरून जायचा. मान वळवायचा नाही. संध्याकाळी इनोके ती वस्तू आत नेऊन ठेवायचा.

आमच्यात भाच्यानं मामाला शिव्या दिल्या तर एक वेळ चालेल, पण त्याच्या घरातलं काहीच घेतलं नाही म्हणजे त्याला मामा मानलंच नाही.

आकानीसी यातलं कधी काही बोलायची नाही. रोज भावाला जेवण मात्र पाठवायची. उकडलेला कसावा, मासा, अळूची पानं नारळाच्या दुधात. ते घेऊन मी जायचो. "तुमच्या मेहुण्याला विचारा, कालचा मासा खारट झाला का." तो म्हणायचा, "तिला सांगा, चांगला होता." बस्स. मी त्या दोघांचा टपालवाला.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. बैठक मोडली होती, आम्ही दोघंच उरलो होतो. यांगोनानं जीभ जड झाली होती, तरी मी म्हटलं, "सार्जंट, तुझी भिंत वाकडी आहे."

"वाकडी नाही. दोरी लावून बांधलीये."

"मग दोरी वाकडी असेल. तुझं सगळं दोरी लावून असतं. माणसं पण."

त्याचा गुडघा हलायचा थांबला. "स्पष्ट बोला, दाजी."

"स्पष्ट? कुणी बघितलं नव्हतं. गाडी परत आली, पोरगा परत आला, बाई जगली. तू गप्प बसला असतास तर कुणाचं काय गेलं असतं?"

"मी बघितलं होतं."

"म्हणून काय झालं?"

"तुम्हाला सामू माहीत आहे?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हता. "आमचा ड्रायव्हर. लाउ बेटांकडचा. रोपातेबरोबर जायच्या आधीही मी एकदा तिथं होतो, तेव्हा तो असाच वादळात गेला, दुसऱ्या चौकीवर पाणी संपलं म्हणून. चांगल्या कामालाच गेला तोही. कुणी अडवलं नाही. रस्त्यावरून जरा बाजूला घसरला. त्याला गोळा करून आणायला मी गेलो होतो, दाजी. गोळा करून म्हणजे काय ते तुम्हाला सांगत नाही." तो उठला. "एकाला गप्प सोडलं की दुसरा जातो. दुसऱ्याला काही झालं नाही की तिसरा. तुम्हाला इथं बसून ते नाही कळायचं."

"मला एवढं कळतं, की माझा मुलगा चोर ठरलाय."

त्यावर तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मग तसाच निघून गेला आणि मला दिसलं, की तो घराकडं न जाता समुद्राकडं गेला, आणि अंधारात दगडावर दगड ठेवल्याचे आवाज यायला लागले.

आमचं बोलणं कुणीतरी ऐकलं असावं, कारण दोन दिवसांनी नेमानी आमच्या घरी आले. गावप्रमुखांच्या वतीनं बोलायचा मान त्यांचा. बसले, पाणी प्यायले, माशांबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं. मग म्हणाले, "एमोसी, एका घरात दोन चुली झाल्यासारखं झालंय. हे पुरून टाकायला पाहिजे."

पुरायचं म्हणजे सोरो करायचा. ज्याचं चुकलं त्यानं देवमाशाचा दात घेऊन दुसऱ्याच्या दारी जायचं, मान खाली घालून बसायचं, माफी मागायची. दात घेतला की संपलं. पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही, कुणीच.

"कुणी कुणाकडं जायचं?" मी विचारलं.

नेमानींनी घसा साफ केला. "लहानानं मोठ्याकडं. रोपाते मामाकडं. काय झालं ते झालं, पण भाच्यामुळं मामाच्या चौकीला डाग लागला हे तर खरं."

आतल्या खोलीत भांडं आपटल्याचा आवाज आला. आकानीसी दारात आली. मोठ्या माणसांसमोर ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"कशाची माफी? बाईला दवाखान्यात नेलं त्याची? काका, तुमच्या सुनेला गेल्या वर्षी माझ्याच नवऱ्यानं भर वाऱ्यात होडीतून नेलं होतं. तेव्हा तुम्ही त्याला माफी मागायला लावली होती का?"

नेमानींनी चटईची कड सारखी केली. "पोरी, मी कुणाचं चूक म्हणत नाही. मी गाव सांभाळतो."

"मग नीट सांभाळा," ती म्हणाली आणि आत गेली.

रोपाते मागच्या दारात जाळं शिवत बसला होता. सगळं ऐकत होता. नेमानी गेल्यावर मी त्याला विचारलं, "काय करायचं?"

"मी जाणार नाही, बाबा."

"मामाचा राग आहे तुला एवढा?"

त्यानं हातातली गाठ आवळली. "राग नाही. मी वाट बघतोय."

"कशाची?"

त्यानं जाळ्यातलं पुढचं भोक शिवायला घेतलं.

त्या आठवड्यात गावात नुसती कुजबुज होती. रोपाते जाणार, रोपाते जाणार नाही. शनिवारी दुपारी मी होडीचं इंजिन उघडून बसलो होतो, हात तेलानं भरलेले. नेमानींचा नातू पळत आला. "चला, चला, तुमच्या घरी माणसं आलीयत."

मी हात पुसत घरी आलो तर अंगणात नेमानी उभे होते, आणि त्यांच्या पुढं, आमच्या पायरीखाली, इनोके बसला होता. अंगात साधा शर्ट, कमरेला गुंडाळलेला सुलू, लुंगीसारखा, पायात काही नाही. दोन्ही हातांत देवमाशाचा दात, गडद पिवळा, जुना. त्याच्या बापाचा. मान खाली.

नेमानी मला हळूच म्हणाले, "मी नाही सांगितलं त्याला. स्वतःहून आलाय. मला म्हणाला नुसतं साक्षीला चला."

मी आत जाऊन चटईवर बसलो. आकानीसी पडद्याआड होती. रोपाते मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

इनोकेला आत बोलावलं. तो गुडघ्यावर सरकत आला. अशा वेळी बोलायचे ठरलेले शब्द असतात. माझ्याकडून आगळीक झाली, मी अजाण आहे, घरानं मला क्षमा करावी, वगैरे. ते नेमानींनी त्याच्या वतीनं बोलायला सुरुवात केली, तर इनोकेनं हात वर केला.

"काका, मला बोलू द्या."

"रीत तशी नाही."

"माहीत आहे. तरी बोलू द्या."

नेमानी जरा मागं सरकले.

"मी रिपोर्ट केला ते बरोबर होतं," इनोके म्हणाला. नेमानींनी कपाळाला हात लावला. माफीला बसलेला माणूस असं कधी बोलत नाही. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. त्याची माफी मागायला मी आलेलो नाही. पण मी अर्धाच रिपोर्ट केला."

त्यानं दात धरलेले हात मांडीवर टेकवले.

"रोपातेनं गाडी मागितली. मी नाही म्हटलं. तो म्हातारा चौकीच्या दाराशी वाळूत बसला होता, काही मागत नव्हता, नुसता बसला होता. गाडीची चावी चौकीच्या प्रमुखानं अंगावरून काढायची नाही असा नियम आहे. मी ती काढली. टेबलावर ठेवली. रोपातेच्या समोर. आणि पहाऱ्याच्या मनोऱ्यावर चढलो. वादळात मनोऱ्यावरून काही दिसत नाही, तिथं जायचं काही कारणच नव्हतं. मी धुळीकडं बघत उभा राहिलो. खाली गाडी सुरू झाली. ती मला ऐकू आली."

पडद्याची कड आतून कुणीतरी धरली.

"चौकशीत मला विचारलं, चावी कुठं होती? मी म्हटलं, माझ्याकडं. मग त्याच्याकडं कशी गेली? मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा हा," त्यानं मान न उचलता रोपातेच्या दिशेनं दाखवलं, "हा म्हणाला, मी खिशातून चोरली. माझ्याकडं बघितलंही नाही यानं. तिथं अजून वेळ होता. त्या खोलीत मी बराच वेळ उभा होतो. ताठ उभा होतो. बोललो नाही. मी सार्जंट आहे, माझी इतक्या वर्षांची नोकरी आहे, चौकी माझी आहे... असलं काय काय डोक्यात येत होतं. मग ते म्हणाले, जा. आणि मी सलाम करून बाहेर आलो."

त्यानं दात दोन्ही हातांनी पुढं केला. "त्याची माफी मागतो. भाच्याची, दाजींची, आणि..." बहिणीचं नाव तिच्यासमोर घ्यायचं नसतं. "आणि या घराची."

आता दात घ्यायचा की नाही हे माझ्यावर होतं. घराचा कर्ता मी. मला वाटलं होतं, असं काही झालं तर माझा राग उसळेल. तसं झालं नाही. मला नुसतं तो मनोरा दिसत होता आणि त्यावर धुळीत उभा असलेला हा माणूस. ज्या माणसानं चावी ठेवली तोही हाच, आणि ज्यानं सकाळी वायरलेस उचलला तोही हाच. माझ्या बोटांवरचं तेल अजून निघालं नव्हतं. मी रोपातेकडं बघितलं. तो मामाकडं बघत होता, पहिल्यांदाच.

"तुला माहीत होतं," मी त्याला म्हटलं.

"हो."

"मग का बोलला नाहीस?"

"दोघं गेलो असतो, बाबा. चौकीवर बाकीची पोरं होती. त्यांना कुणीतरी शहाणा माणूस पाहिजे होता." मग थोड्या वेळानं, "आणि मला वाटलं होतं, मामा बोलतील. पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं."

हेच ते वाट बघणं.

मी हात पुढं केले. दात घेतला. तो गरम झालेला होता त्याच्या हातांत. नेमानींनी टाळ्या वाजवल्या, ठरलेल्या, संथ, ओंजळीच्या. संपलं होतं. निदान रीतीप्रमाणं संपलं होतं.

तेवढ्यात आकानीसी पडदा सारून बाहेर आली. ती माझ्याजवळ बसली नाही. सरळ भावाच्या पुढं जाऊन उभी राहिली. इनोकेनं चटकन तोंड दुसरीकडं वळवलं, कारण बहिणीकडं बघायचं नसतं.

"इनोके," ती म्हणाली. मी तिच्या तोंडून ते नाव लग्नापासून ऐकलं नव्हतं. "इकडं बघ."

त्यानं बघितलं.

"इथं पुरलंस ते ठीक केलंस. या गावात माझा मुलगा चोर नव्हताच. तो तिथं चोर आहे. मग तिथं जाऊन बोल."

नेमानी म्हणाले, "आकानीसी, दात घेतल्यावर ती गोष्ट पुन्हा काढायची नसते. ही फार मोठी चूक होते आहे."

"मग तो दात परत द्या," ती म्हणाली. "मी देते." आणि तिनं खरंच माझ्या हातातला दात उचलला. नेमानी घाबरून उभेच राहिले. इनोके म्हणाला, "राहू दे. राहू दे ताई. मी जातो."

तिनं दात परत माझ्या हातात दिला आणि आत गेली. मग चुलीशी तिचा हुंदका ऐकू आला, एकच.

पुढच्या बोटीनं इनोके सुवाला गेला. कडक इस्त्रीचा गणवेश बरोबर घेतला होता, पण घातला साधा शर्टच. तिकडं काय झालं ते त्यानं मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पहिल्यांदा त्याला बाकावर बसवलं. मग दुसऱ्या बाकावर. एक तरुण अधिकारी म्हणाला, सार्जंट, तुम्ही निवृत्त झालात, प्रकरण मिटलंय, घरी जाऊन मासे धरा. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. बाकावर बसायला त्याला अवघड गेलं नाही म्हणे. हुकमाची वाट बघणं हेच काम आयुष्यभर केलेलं. शेवटी कुणी तरी वैतागून त्याचा जबाब घेतला.

रोपातेच्या कागदावरून चोरी पुसली. पहारा सोडल्याचं आणि गाडी नेल्याचं राहिलं. इनोकेची सार्जंटची पट्टी कागदावरून गेली, जवानांच्या मेळाव्याला त्याला बोलावणं येईनासं झालं. त्याचे जुने साथीदार बाजारात भेटले की लांबूनच हात करत. एक जण त्याला तोंडावर म्हणाला, "तुझ्यामुळं आमच्या सगळ्यांच्या चौकश्या उकरल्या जातील." गावातही नेमानी आमच्या घरी पुढं कितीतरी दिवस आले नाहीत. पुरलेलं उकरून काढलं, तेही बाईनं, हे त्यांना पचलं नाही. चर्चमध्ये आम्ही बसलो की बाकावर शेजारची जागा जरा मोकळीच राहायची.

आकानीसी भावाशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही. रागानं नव्हे, रीत आहे म्हणून. जेवण माझ्याबरोबरच जायचं.

मुलाला ऑस्ट्रेलियाला जायला मिळालं. जायच्या आधी एक दुपार आम्ही तिघं होडी ओढून वर घेत होतो, तळ खरवडायला. रोपाते मधेच थांबला.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"परत तसंच वादळ असलं, तसाच म्हातारा आला, तर?"

इनोकेनं खरवडणी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा नेहमीसारखं दोरी लावून काहीतरी सांगेल. पण त्यानं तळाला चिकटलेला एक शिंपला नखानं उचकटला.

"चावी टेबलावर नाही ठेवणार," तो म्हणाला. "तुझ्या हातात देईन."

"आणि रिपोर्ट?"

"करीन. दोघांचा."

रोपाते हसला. मोठ्यानं, पूर्वीसारखा. "मग मामा, दोघंही इथंच शिंपले खरवडत असू."

"खरवडतोच आहे की," इनोके म्हणाला. आणि माझ्याकडं वळून, "दाजी, पोट जरा बाजूला घ्या, होडी दिसत नाहीये."

मीही हसलो. त्याला टकलावरून काहीतरी उत्तर दिलं. पण रोपाते बोटीत बसून गेल्यावर मला झोप लागेना. सामूचं मला पुन्हा पुन्हा आठवत होतं, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. तोही चांगल्या कामालाच गेला होता. त्याचाही कुणीतरी बाप असेल लाउ बेटांवर, आणि त्याला वाटत असेल, त्या दिवशी कुणीतरी चावी खिशातच ठेवली असती तर. मी आकानीसीला हे सांगितलं. ती कूस बदलून म्हणाली, "मग तुम्ही काय केलं असतंत?"